करार आणि संतती : सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन मातापित्यांपुढील एक प्रश्न

इ. स. १६५७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ६ तारखेस मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील अँडोव्हर गावच्या ॲन ब्रॅडस्ट्रीट हिचा थोरला मुलगा सॅम्युएल इंग्लंडला जाण्यासाठी निघाला. हार्वर्डची पदवी मिळून त्यास चार वर्षे झाली होती. या प्रसंगी त्याच्या आईने रचलेली एक लहानशी कविता उपलब्ध आहे. विवाहानंतर दीर्घकाळ तिला मूल झाले नव्हते आणि त्यासाठी आपण पुष्कळ प्रार्थना केल्या व अश्रू ढाळले, असे तिने आपल्या मुलांसाठी लिहून ठेवलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. तेव्हा पहिल्या मुलास बायबलातील हन्नेच्या मुलाचे नाव मिळाले, हे योगायोगाने घडले असे वाटत नाही. कवितेचा आशय सरळ आहे. हा मुलगा देवापाशी मागून घेतला होता. आता समुद्र ओलांडून जाताना तो देवाच्याच हवाली केला आहे. तो सुखरूप परतला तर देवाचे उपकार मानावयाचे. तोवर आपलेच आयुष्य सरले तर तीही त्याचीच इच्छा समजावयाची आणि परलोकी भेट होईल असा भाव धरावयाचा. सॅम्युएल १६६१ च्या जुलै महिन्यात परत आला, तेव्हा तिने दुसरी कविता लिहिली.

दूरदेशी जाणाऱ्या मुलास देवावर सोपविणे ही कोणत्याही काळच्या, कोणत्याही धर्माच्या आईच्या ठायी आढळणारी भावना आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन समाजात ‘देवाच्या हवाली करणे’ या शब्दांस एक निश्चित, जवळजवळ कायदेशीर स्वरूपाचा अर्थ होता. मूल देवाचे कोणत्या आधाराने, ते मोठे झाल्यावर त्या आधाराचे काय होते, आणि ज्याची श्रद्धा अद्याप प्रकट झालेली नाही अशा प्रौढ मुलाविषयी भाविक पित्याने काय समजावे, या प्रश्नांवर त्या समाजात पन्नास वर्षे वाद चालला. त्यावरून मंडळ्या फुटल्या, पितापुत्र परस्परविरोधी पक्षांत उभे राहिले. घरातील चिंता धर्मसभेच्या ठरावात कशी उतरली, आणि ठराव झाल्यावरही ती घरात कशी शिल्लक राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

१६३० ते १६४० या दशकात सुमारे वीस हजार माणसे इंग्लंड सोडून न्यू इंग्लंडमध्ये आली. सोने शोधणाऱ्या एकट्या पुरुषांचे हे स्थलांतर नव्हते; बायकामुलांसह आलेल्या कुटुंबांचे प्रमाण त्यात फार मोठे होते. मुलांना शुद्ध धर्मव्यवस्थेत वाढविता यावे, हा स्थलांतराचा एक हेतू म्हणून वारंवार सांगितला जाई. म्हणजे मूल हे या वसाहतीच्या स्थापनेचे एक कारणच होते. पण ज्या धर्मतत्त्वासाठी ही माणसे आली, त्या तत्त्वातच मातापित्यांच्या आशेला एक खिंडार होते. कॅल्विनच्या परंपरेप्रमाणे तारणासाठी कोणाची निवड करावयाची हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरविले आहे. कृपा ही सर्वस्वी त्याची देणगी. ती वारशाने मिळत नाही, विकत मिळत नाही, संस्कारांनीही उत्पन्न होत नाही. पिता कितीही पवित्र असला तरी पुत्राच्या अंतःकरणात तो श्रद्धेचा अंकुर निर्माण करू शकत नाही. याउलट, देवाने अब्राहामाशी केलेला करार केवळ त्याच्याशी नसून त्याच्या वंशाशीही होता, आणि ख्रिस्ती मंडळी त्याच कराराची वारस आहे, हेही तेच धर्मपंडित तितक्याच ठामपणे सांगत. बालकाचा बाप्तिस्मा ही त्या कराराची खूण. एका हाताने आश्वासन द्यावे आणि दुसऱ्या हाताने ते आवरून धरावे, असा हा प्रकार होता. प्यूरिटन मातापित्यांचा विश्वास या दोन टोकांमध्ये ताणलेला राहिला, आणि तो ताण तर्काने सुटणारा नव्हता.

व्यवहारात मार्ग काढला गेला तो ‘साधनां’च्या कल्पनेने. देव बहुधा साधनांच्या द्वारे कार्य करतो. म्हणून मातापित्यांनी साधने चालू ठेवावीत आणि फळ देवावर सोपवावे. सकाळसंध्याकाळ कौटुंबिक प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रश्नोत्तरीचे पाठांतर, वेळप्रसंगी छडी, ही ती साधने. राज्यसत्तेनेही त्यात हात घातला. १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचता येते की नाही व धर्माची मूलतत्त्वे कळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी आईबापांवर व मालकांवर टाकली. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावास शिक्षक आणि शंभर कुटुंबांच्या गावास व्याकरणशाळा ठेवणे भाग पडले. सोळा वर्षांवरील हट्टी व बंडखोर मुलास देहदंड देण्याची तरतूदही १६४६ साली पुस्तकात आली. ती अनुवादाच्या पुस्तकातील नियमशास्त्रावरून घेतलेली होती. तिच्याखाली कोणाही मुलास फाशी दिल्याचे आढळत नाही. या कायद्याचा उल्लेख प्यूरिटनांच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून पुष्कळदा होतो. वस्तुतः पित्याच्या असहायतेची ती कबुली होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कुटुंबव्यवस्थेत आणखी एक चाल होती. मुलगा किंवा मुलगी दहाबारा वर्षांची झाली म्हणजे तिला दुसऱ्याच्या घरी शिकाऊ म्हणून किंवा कामासाठी ठेवीत. खाऊनपिऊन सुखी असलेली घराणीदेखील असे करीत. एडमंड मॉर्गन याने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या चालीचे एक सूचक स्पष्टीकरण दिले : आपल्या मायेने मूल बिघडेल, अशी आईबापांना धास्ती होती. स्पष्टीकरण मनोवेधक आहे. मात्र ही चाल इंग्लंडमध्ये पूर्वीपासून होती आणि तेथे प्यूरिटन नसलेलेही तिचे पालन करीत; म्हणून मॉर्गनचा तर्क जपून स्वीकारला पाहिजे. एवढे खरे की, मुलावर अतिरिक्त प्रेम करणे ही मूर्तिपूजाच होय, अशी शिकवण प्रवचनांतून सतत दिली जाई, आणि मूल दगावले म्हणजे आईबाप त्या शिकवणीच्या प्रकाशात स्वतःची झडती घेत.

ॲन ब्रॅडस्ट्रीट हिच्या लेखनात ही कठोरता बरीच सौम्य झालेली दिसते. तिला आठ मुले. १६५९ च्या जून महिन्यात लिहिलेल्या एका कवितेत तिने स्वतःस पक्षिणी व मुलांस पिले कल्पून, घरट्यातून पाच कशी उडून गेली आणि तीन कशी उरली, याचा हिशेब मांडला आहे. त्या उरलेल्यांविषयी ती म्हणते ते लक्षात घेण्याजोगे आहे : तीही एक दिवस उडतील, आणि जेथे नेमलेले असेल तेथे उतरतील. नेमणूक कोणाची, हे सांगण्याची तिला गरज वाटत नाही. पण त्याच कवितेत पारध्याचे जाळे, ससाणा, पोरांचे दगड अशा संकटांची यादी आहे, आणि ही यादी कवितेत पुष्कळ जागा घेते. १६६४ साली तिने आपला दुसरा मुलगा सायमन याच्यासाठी सुविचारांची एक वही लिहून दिली. त्यात मुलांच्या भिन्न स्वभावांविषयी एक गृहिणीचा दाखला आहे : मांस टिकविण्यास मीठ लागते, कोवळी फळे साखरेत राखावी लागतात, ज्याला जे मानवते ते ओळखून देणारी आईबापे शहाणी. हे धर्मपंडिताचे बोलणे नव्हे. स्वयंपाकघरात आयुष्य घालविलेल्या बाईचे आहे. त्याचबरोबर, शास्त्र खरे कशावरून, देव आहे कशावरून, असे संशय आपल्याही मनात येऊन गेल्याचे तिने मुलांसाठीच्या आत्मनिवेदनात लपविलेले नाही. वयात आलेल्या मुलांना आपल्या श्रद्धेचा केवळ निकाल न देता तिची वाटचालही सांगावी, असे तिला वाटले. तत्कालीन पित्यांच्या लेखनात हा मोकळेपणा विरळा.

आता याच अँडोव्हर गावाविषयी दुसऱ्या प्रकारचा पुरावा पाहावा. फिलिप ग्रेव्हन याने त्या गावातील चार पिढ्यांच्या जन्म, विवाह, मृत्यू व जमीनविषयक नोंदी तपासून १९७० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या पिढीतील पुरुष दीर्घायुषी निघाले. त्यांच्या मरणाच्या वयाची सरासरी सत्तरीपलीकडे जाते. त्यांच्या मुलांचा पहिला विवाह सरासरीने सव्वीससत्तावीस वर्षांच्या सुमारास झाला. लग्नाच्या वेळी बाप मुलास घर बांधावयास व कसावयास जमीन देई, पण खरेदीखत किंवा दानपत्र करून देत नसे. बहुसंख्य मुलांना त्या जमिनीची मालकी बाप वारल्यानंतर मृत्युपत्रानेच मिळाली. म्हणजे चाळिशी गाठलेला, पोरेबाळे असलेला मनुष्यही बापाच्या जमिनीवर बापाच्या मर्जीने राहत होता. ग्रेव्हनचे निष्कर्ष एका गावापुरते आहेत, आणि बंदरांच्या शहरांत स्थिती वेगळी होती हे विसरता कामा नये. ब्रॅडस्ट्रीट कुटुंबही नमुनेदार नव्हते. घरधनी सायमन ब्रॅडस्ट्रीट हा वसाहतीचा न्यायाधिकारी व पुढे गव्हर्नर झाला, आणि मुलांच्या वाटा शेताबाहेर गेल्या. तरीही एक विसंगती डोळ्यांत भरते. जमीन, विवाह, राहण्याची जागा या हातातल्या गोष्टी पित्याने शक्य तितका काळ सोडल्या नाहीत. मुलाचे अंतःकरण मात्र कधीच हातात नव्हते. तेथे त्याला विश्वासाखेरीज दुसरी गती नव्हती. प्यूरिटन पिता मुलास स्वातंत्र्य देत होता की नाही, हा प्रश्न यामुळे दोन प्रश्नांत विभागला जातो, आणि दोहोंची उत्तरे एकमेकांच्या उलट येतात.

मंडळीच्या सभासदत्वाच्या नियमाने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. १६३० नंतरच्या दशकात न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी एक नवा दंडक घातला : ज्याला पूर्ण सभासद व्हावयाचे असेल त्याने, आपल्या अंतःकरणात देवाची कृपा कशी प्रकटली, याचे निवेदन मंडळीपुढे करावे आणि मंडळीने ते पारखावे. १६४८ च्या केंब्रिज येथील धर्मव्यवस्थेच्या मसुद्यात ही पद्धती ग्रथित झाली. सभासदांस प्रभुभोजन मिळे. त्यांच्या बालकांस बाप्तिस्मा मिळे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६३१ पासून मताधिकारही मंडळीच्या सभासदत्वावर अवलंबून होता. पहिल्या पिढीला हे निवेदन जड गेले नाही. छळ, समुद्रप्रवास, अरण्यातील पहिले हिवाळे यांतून गेलेल्या माणसांना सांगावयास पुष्कळ होते. त्यांच्या मुलांना काय सांगावयाचे होते? ती मुले बाप्तिस्मा घेऊन, प्रश्नोत्तरी पाठ करून, नियमाने उपासनेस जाऊन मोठी झाली. त्यांचे आचरण वाईट नव्हते. परंतु आपले परिवर्तन अमुक दिवशी, अमुक रीतीने झाले असे त्यांना सांगता येईना, आणि न झालेले झाले म्हणून सांगण्याइतकी ती अप्रामाणिक नव्हती. या मुलांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. या नातवंडांना बाप्तिस्मा द्यावयाचा की नाही?

नियमाप्रमाणे उत्तर ‘नाही’ असे होते. त्याचा अर्थ असा की, ज्या आजोबाने वंशासाठी घरदार सोडून महासागर ओलांडला, त्याचीच नातवंडे कराराबाहेर, ‘परराष्ट्रीयां’च्या पंक्तीत जाऊन बसावयाची. १६५७ साली पाळकांच्या सभेने आणि १६६२ साली बॉस्टन येथील धर्मसभेने तोडगा काढला. बालपणी बाप्तिस्मा झालेली, धर्मतत्त्वे समजणारी, निंद्य आचरण नसलेली आणि कराराचा जाहीरपणे स्वीकार करणारी व्यक्ती ही, परिवर्तनाचे निवेदन न करताही, आपल्या मुलांस बाप्तिस्मा देववू शकेल. मात्र तिला स्वतःस प्रभुभोजनाचा व मंडळीत मत देण्याचा अधिकार राहणार नाही. विरोधकांनी पुढे या व्यवस्थेस उपहासाने ‘अर्ध्या वाटेचा करार’ म्हटले, आणि इतिहासात तेच नाव रूढ झाले.

या ठरावाचे प्रमुख प्रवर्तक वृद्ध होते, ही गोष्ट विशेष आहे. डॉर्चेस्टरचा पाळक रिचर्ड मॅदर हा त्यांतील अग्रणी. त्याचे दोन मुलगे इन्क्रीज व एलिएझर हे स्वतः पाळक झालेले. दोघेही ठरावाच्या विरुद्ध. न्यू हेवनचा जॉन डॅव्हनपोर्ट याने १६६३ साली धर्मसभेवर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यास प्रस्तावना लिहिली ती इन्क्रीजने. दुसऱ्या वर्षी उत्तर निघाले. डॅव्हनपोर्टच्या युक्तिवादास उत्तर देण्याचे काम रिचर्ड मॅदरने केले. प्रस्तावनेस, म्हणजे आपल्या मुलास, उत्तर देण्याचे काम मात्र केंब्रिजच्या जोनाथन मिचेलकडे गेले. पित्याने हे संकोचामुळे टाळले की कामाच्या सोयीसाठी, हे ठरविण्याचे कारण नाही. पण छापील पानावर पितापुत्रांची समोरासमोर गाठ पडली नाही. वाद मुलांच्या मुलांविषयी होता आणि तो लढवीत होते पिता व पुत्र. पुत्राचे म्हणणे असे की, मंडळीचे पावित्र्य रक्तसंबंधासाठी पातळ करू नये. पित्याचे म्हणणे असे की, देवाचा करार मुलाच्या वयात येण्याने संपुष्टात येत नाही. तरुण कडक आणि वृद्ध सौम्य, हे दृश्य क्रांतीनंतरच्या दुसऱ्या पिढीत इतरत्रही पाहावयास मिळते. तथापि येथे वृद्धाच्या सौम्यतेमागे आणखी काही होते. आपल्या शेजारच्या घरांतली प्रौढ मुले तो प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जाताना वर्षानुवर्षे पाहत होता.

सामान्य सभासदांनी ठरावाला पाळकांपेक्षा अधिक विरोध केला. खुद्द मॅदरच्या डॉर्चेस्टर मंडळीने त्याच्या हयातीत तो अमलात आणला नाही. बॉस्टनच्या पहिल्या मंडळीने ठरावाचा कट्टर शत्रू डॅव्हनपोर्ट यासच पाळक म्हणून बोलाविले. नाराज अल्पसंख्याकांनी बाहेर पडून १६६९ साली तिसरी मंडळी स्थापिली. याच तंट्याच्या निवाड्यासाठी भरलेल्या सभेचे काम चालू असता रिचर्ड मॅदर आजारी पडला आणि २२ एप्रिल १६६९ रोजी वारला. मरणशय्येवर त्याने इन्क्रीजला जवळ बोलावून, वाढत्या पिढीकडे लक्ष दे, तिला कराराच्या छायेतून वगळू नको, अशा आशयाचे सांगितल्याचे इन्क्रीजने स्वतःच १६७० साली लिहिलेल्या पितृचरित्रात नमूद केले. एलिएझर त्याच उन्हाळ्यात वारला. इन्क्रीजचे मत पालटले. १६७५ साली त्याने धर्मसभेच्या बाजूने दोन पुस्तके प्रसिद्ध केली. मतपरिवर्तनास पित्याचा मृत्यू कितपत कारण आणि स्वतः अनेक मुलांचा बाप झाल्याचा अनुभव कितपत कारण, हे वेगळे करणे अवघड आहे. पुढे १६७८ च्या एका प्रवचनात त्याने, देवाची निवड बहुधा भाविक मातापित्यांच्या वंशातूनच चालत येते, अशा अर्थाचे विधान केले. कृपा वारशाने येत नाही, या मूळ सिद्धांतापासून हे किती दूर आहे हे सांगावयास नको. मॉर्गनने यास ‘टोळीवृत्ती’ म्हटले : नव्या माणसांना जिंकण्याऐवजी आपल्याच मुलाबाळांच्या तारणात मंडळी गुरफटून गेली. टीका खरी आहे. मात्र ती मुलाबाळे नसलेल्या निरीक्षकाच्या सुरात केलेली वाटते.

ठरावाचा खरा प्रसार १६७५-७६ मधील मूळ रहिवाशांबरोबरच्या युद्धानंतर झाला. त्या युद्धाने अनेक गावे जळाली आणि देवाचा कोप झाल्याची भावना पसरली. १६७९ च्या सुधारणासभेने कोपाची जी कारणे नोंदविली त्यांत कुटुंबातील शिस्तीचा ऱ्हास हेही होते. पेरी मिलरने १९५३ साली या सर्व घटनांची मांडणी अधःपाताची कथा म्हणून केली. रॉबर्ट पोपने १९६९ साली मंडळ्यांची दप्तरे तपासून तिला छेद दिला. दुसरी पिढी प्रभुभोजनापासून दूर राहिली ती धर्माविषयी उदासीन होती म्हणून नव्हे, तर धर्माचे भय तिला फार होते म्हणून, असे त्याच्या पुराव्यावरून दिसते. हे मान्य केल्यास आईबापांच्या विलापाकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. ज्या मुलांसाठी ते रडत होते, ती मुले त्यांच्या शिकवणीपासून दूर गेली नव्हती. ती शिकवण त्यांनी जरुरीपेक्षा अधिक मनावर घेतली होती.

घरातील ही स्थिती बॉस्टनचा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याच्या रोजनिशीत जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही प्रवचनात दिसत नाही. १६७४ पासून १७२९ पर्यंत, मध्ये काही खंड सोडता, ही रोजनिशी चालू आहे. स्यूअल तिसऱ्या मंडळीचा सभासद. त्याला चौदा मुले झाली आणि त्यांतील बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. १६९६ च्या जानेवारीत त्याची नुकती चौदा वर्षे पूर्ण झालेली मुलगी बेटी जेवणानंतर अकस्मात मोठ्याने रडू लागली. घरातील सगळीच माणसे त्यामुळे रडू लागली. आपण नरकात जाणार, आपल्या पापांची क्षमा झालेली नाही, असे ती म्हणे. वडिलांनी घरात वाचून दाखविलेल्या एका प्रवचनातील वचन तिच्या मनात रुतून बसले होते. साधनांनी आपले काम केले होते. पण जे फळ हवे होते ते हे नव्हे. स्यूअलने तिच्याजवळ बसून प्रार्थना केली. पुढील महिन्यांतही ती पहाटे येऊन आपली भीती सांगे आणि तो पुन्हा तिच्यासाठी प्रार्थना करी. तिला खोटा दिलासा त्याने दिलेला दिसत नाही, कारण त्याच्या धर्मात तो देण्याचा अधिकार पित्यास नव्हता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्यूअलची लहान मुलगी सेरा वारली. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा सॅम याने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील काही वचने त्याला लॅटिनमध्ये म्हणून दाखविली. निर्दोषांस दोषी ठरविण्याविषयीचे त्यातील वचन ऐकून पित्याच्या डोळ्यांपुढे सेलमचे खटले उभे राहिले. १६९२ साली चेटुकाच्या आरोपावरून तेथे एकोणीस माणसांस फाशी झाली, त्या न्यायासनावर स्यूअल होता. १६९७ च्या जानेवारीत त्याने भर मंडळीत उभे राहून आपल्या दोषाची कबुली दिली. मुलास शास्त्र पित्याने शिकविले होते. ते पित्यालाच परत ऐकावे लागले. स्यूअलने या प्रसंगाचा विस्तार केलेला नाही, दोन ओळी लिहून तो थांबला आहे.

बेटीच्या लग्नाची हकीगतही येथेच सांगितली पाहिजे. १६९९ च्या जानेवारीत एक मागणी घालणारा गृहस्थ संध्याकाळी आला असता ती घरच्या घोडागाडीत जाऊन एकटीच लपून बसली. घरच्यांनी शेजारीपाजारी शोध केला. तो गृहस्थ गेल्यावर ती आपण होऊन, भेदरलेल्या चेहऱ्याने आत आली. पुढे ग्रोव्ह हर्स्ट या तरुणाच्या बाबतीतही तिने प्रथम नकार दिला. तेव्हा स्यूअलने ऑक्टोबर महिन्यात तिला पत्र लिहिले. अशा नकारांनी लोकांत काय बोलले जाईल याची जाणीव त्यात आहे, चांगले स्थळ हातचे जाईल ही हळहळ आहे. पण मनातून तिटकारा असेल तर थांबणेच बरे, देव वाट दाखवो, आणि काहीही झाले तरी आपण तिचा प्रेमळ पिताच आहोत, असा त्याचा निष्कर्ष आहे. वर्षभराने तिने हर्स्टशीच लग्न केले. १७१६ साली ती वारली. सत्तेच्या दृष्टीने पाहिले तर कायदा, संपत्ती व लोकमत ही सर्व स्यूअलच्या बाजूला होती. तरी तो पत्रात थांबला, आणि त्याने थांबण्यासाठी जो शब्द वापरला तो देवाचा. ‘देवावर सोपविणे’ ही भाषा पुष्कळदा पित्याच्या हट्टाला झाकण घालण्यासाठी वापरली गेली आहे. येथे ती उलट कामास आली : हट्ट सोडण्यास पित्याला तिने एक सन्माननीय वाट दिली.

इन्क्रीजचा मुलगा कॉटन मॅदर याचे उदाहरण अधिक कठीण आहे. अधर्मी मुलांमुळे दुःखी झालेल्या भाविक आईबापांच्या सांत्वनासाठी त्याने १६९५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. चार वर्षांनी त्याला जो मुलगा झाला त्याचे नाव आजोबांवरून इन्क्रीज ठेवले. या मुलाचे चित्त अभ्यासात लागले नाही, व्यापारात रमले नाही. १७१७ साली एका स्त्रीने आपल्या अनौरस मुलाचा बाप म्हणून त्याचे नाव सांगितले. १७२४ साली त्याचे जहाज समुद्रात बुडाल्याची बातमी आली. नंतर तो वाचला अशी वार्ता आली. मग तीही खोटी ठरली. पंधरा मुलांपैकी दोनच कॉटन मॅदरच्या मागे राहिली. या मुलाविषयी त्याच्या रोजनिशीत कधी कडक धिक्कार आहे, कधी आक्रोश. आणि ज्या सांत्वनाचा उपदेश तो इतरांना करीत आला, त्याचा आधार त्याने सोडला नाही, पण त्याने त्याचे समाधान झाले असे दाखविणारे फारसे काही तेथे नाही. मुलाच्या मृत्यूनंतर त्याने त्याच विषयावर प्रवचने केली व ती छापली. आपले दुःख लगोलग छापून काढण्याची ही सवय आजच्या वाचकास खटकते. त्या समाजात मात्र दुःख खाजगी ठेवणे हेच अपराधासारखे होते.

अर्ध्या वाटेच्या कराराचा पुढील प्रवास येथे थोडक्यात सांगणे पुरे. नॉर्थॅम्प्टन येथे एलिएझर मॅदरच्या जागी आलेल्या सॉलोमन स्टॉडर्डने प्रभुभोजनाचे दारही परिवर्तनाच्या निवेदनाविना उघडले. त्याचा नातू व उत्तराधिकारी जोनाथन एडवर्ड्स याने ते पुन्हा बंद करू पाहिले, आणि १७५० साली मंडळीने त्यालाच काढून टाकले. आजोबांनी सैल केलेले नातवाने आवळावयास घ्यावे, ही मॅदर घराण्यातील कथेची उलट आवृत्ती होय.

या परंपरेतील पुढच्या पिढीचा मुंबई इलाख्याशी प्रत्यक्ष संबंध आला. १८१० साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड येथे परदेशी धर्मकार्यासाठी अमेरिकन बोर्डाची स्थापना झाली. त्याच वर्षी ॲडोनायरम जडसन याने त्याच गावचे डीकन हॅसेल्टाइन यांना पत्र लिहून त्यांच्या मुलीस मागणी घातली. या जगात तिची पुन्हा भेट होणार नाही, ती समुद्राच्या व परक्या हवेच्या संकटांत सापडेल, कदाचित हालअपेष्टांनी मरेल, हे सारे जाणून आपण संमती देता काय, असे त्याने त्यात विचारले होते. पित्याने निर्णय मुलीवर सोपविला. १८१२ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन ती दोघे जहाजावर चढली, आणि कलकत्त्यास पोहोचल्यावर थोड्याच अवधीत बालकांचा बाप्तिस्मा अशास्त्रीय ठरवून त्यांनी पूर्वजांचा हा सारा वादच मागे टाकला. दुसऱ्या जहाजाने आलेला गॉर्डन हॉल आपल्या मतावर राहिला व फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचला. अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ तो हाच.

हॉलने मुंबईतच विवाह केला. हवापाणी न मानवल्याने १८२५ साली त्याच्या दोन मुलांना घेऊन त्याची पत्नी अमेरिकेस निघाली. हॉल मराठी नव्या कराराच्या कामासाठी मागे राहिला. थोरला मुलगा प्रवासातच वारला. २० मार्च १८२६ रोजी नाशिककडील दौऱ्यावर असता दोर्ली-दापूर येथे हॉलला पटकीने गाठले आणि तेथेच त्याचा अंत झाला. मुंबईत जन्मलेला धाकटा मुलगा, त्याचे नावही गॉर्डनच, आईपाशी न्यू इंग्लंडमध्ये वाढला. पुढे तो नॉर्थॅम्प्टन येथे, जोनाथन एडवर्ड्सला जेथून काढले त्याच गावी, एडवर्ड्सच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळीचा पाळक झाला.